चिकटवलेले उत्तर मी दाखवत नाही

सुरेखाच्या अंगाला हळद लागली त्या दिवशी मी आष्टीत आलो. साल दोन हजार सतरा, महिना मे. मांडवात कपाट, पलंग आणि भांड्यांचा संच ओळीने मांडलेला होता. मुलीचे वडील रामकिसनराव जालन्याहून आले आणि त्यांनी हातातली पिशवी त्या पलंगावर ठेवली. पिशवीत मी होतो. आलेल्या पाहुण्यांना वाटले की मीही आंदणातलाच. नवऱ्या मुलाच्या मामांनी तर मला उघडून पाहिले आणि पसंतीची मान हलवली. तेव्हा सुरेखाची आई चतुराबाई लगबगीने आल्या, मला त्यांच्या हातातून घेतले आणि धान्याच्या कोठीवर नेऊन ठेवले. मी धाकटीसाठी, अर्पितासाठी होतो.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. त्या दिवशीही जुनाच होतो. थोरलीचे लग्न तोंडावर असताना धाकटीसाठी कोणाचा तरी वापरलेला डबा कशाला आणला, म्हणून चतुराबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. रामकिसनरावांनी एवढेच सांगितले की थोरलीला दिलेले तिच्या घरी जाईल, हे मात्र शिकणाऱ्या पोरीच्या कामाला येईल.

माझा जन्म कोठे झाला ते मला सांगता येत नाही. पाठीवरच्या चिठ्ठीवर एका दूरच्या देशाचे नाव होते, ते घासून गेले. माझी पहिली नोकरी जालन्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात झाली. तेथे मी पाच वर्षे होतो. दर महिन्याला बैठक व्हायची, मला तारेने प्रोजेक्टरला जोडायचे आणि भिंतीवर रंगीत स्लाइड पडायच्या. सगळे माझे कौतुक करायचे. पण माझ्याकडून काम काय करून घ्यायचे ते ऐका. साहेब मागच्या महिन्याची स्लाइड घ्यायचे, वरचे महिन्याचे नाव बदलायचे आणि खालचा आकडा तसाच ठेवायचे. एक आकडा तर भिंतीवर नऊ महिने उभा होता. तो पाहून माणसे माना डोलवत आणि चहा पीत. तो आकडा आता खरा आहे का, हे कोणी एकदाही विचारले नाही. मला विचारले असते तर मी पापणी लवायच्या आत काढून दिला असता. पण मला कोणी विचारलेच नाही. ज्याला मोजता येते त्याला नुसते चित्र धरून उभे करणे हा अपमान आहे. तो मी विसरलेलो नाही.

मग त्या ऑफिसात नवे यंत्र आले आणि मी जुन्या जालन्यातल्या एका दुकानात जाऊन पडलो. एका बाजूला कापडाचा ठोक व्यापारी, दुसऱ्या बाजूला गोण्या शिवणारा. दिवसभर रिक्षांचे भोंगे आणि हमालांचे ओरडणे. लग्नाचे कापड घ्यायला आलेले रामकिसनराव चुकून त्या दुकानात शिरले म्हणून मी भंगारातून वाचलो.

मला मराठी अक्षरे उशिरा आली. माझ्या बटणांवर फक्त इंग्रजी अक्षरे होती. अर्पिता जालन्याला डिप्लोमा करत होती. तिने परतूरच्या स्टेशनाबाहेरच्या दुकानातून मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि त्या एकेक करून माझ्या बटणांवर लावल्या त्या कडूबाईंनी.

कडूबाई गल्लीच्या टोकाला राहायच्या. त्यांचे यजमान रायभान पूर्वी मेंढरे राखायचे. पुढे मेंढरे विकली, चार एकर जमीन कसायला लागले आणि काही वर्षांनी वारले. कडूबाई बायकांच्या गटात होत्या. गटाच्या वहीत अंगठा लावायचा त्यांना राग यायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या अर्पिताकडून अक्षरे शिकायला येऊन बसल्या. चिकटपट्टी सोलायची, अक्षर मोठ्याने म्हणायचे, मग बटणावर दाबायचे, असा त्यांचा अभ्यास चालला. अंगठ्याने दाबून दाबून त्यांनी बावीस दिवसांत सगळी बटणे पुरी केली. अर्पिताचा वर्ग असा माझ्या अंगावर भरला होता. आम्ही दोघे एकाच उन्हाळ्यात साक्षर झालो. म्हणून कडूबाईंबद्दल मी जे सांगतो ते शेजाऱ्यासारखे नाही, वर्गातल्या सोबत्यासारखे आहे.

डिप्लोमानंतर अर्पिताला परतूरच्या एका संस्थेत काम मिळाले. शेतकऱ्यांसाठी माहितीपुस्तिका लिहायच्या आणि त्याच माहितीच्या स्लाइड करायच्या. हे काम पुष्कळ लोक करतात. पण अर्पिता ते वेगळ्या रीतीने करायची आणि त्या रीतीमुळेच माझे दिवस पालटले.

रीत अशी. ती पानावर आधी साधा मजकूर लिहायची. समजा, 'एका एकरात अठरा फुटांवर मोसंबीची झाडे लावली तर किती बसतील?' त्या मजकुराखाली ती एक चौकट करायची आणि चौकटीत दोन-तीन ओळींचे कोड लिहायची. कोड म्हणजे मला समजेल अशा भाषेत सांगितलेले गणित. उत्तर ती लिहायचीच नाही. ती 'चालव' असे बटण दाबायची आणि चौकटीखाली मी उत्तर मांडायचो: एकशे चौतीस. तिने अठराचे वीस केले की मी एकशे आठ मांडायचो, आणि नुसते तेवढेच नाही, पुढच्या वाक्यातला आकडा, खड्ड्यांची संख्या, तक्ता, सगळे त्याबरोबर बदलायचे. त्याच एका फाइलीतून पुस्तिका निघायची आणि त्याच फाइलीतून स्लाइड निघायच्या. म्हणजे पुस्तिकेत एक आणि भिंतीवर भलतेच, असे व्हायची सोय नव्हती.

ही शिस्त तिला चुकूनच लागली होती. सुरुवातीला एकदा तिने वाक्यात एकशे चौतीस हा आकडा हाताने लिहून ठेवला आणि नंतर वरचे अंतर बदलले. मी खाली एकशे आठ म्हणत होतो, तिचे वाक्य एकशे चौतीसच म्हणत होते, आणि ते पान तसेच एका माणसाच्या हातात गेले. सुदैवाने त्याने खड्डे खणायच्या आधी येऊन विचारले. त्या दिवसापासून तिने काढायचा आकडा कधी हाताने लिहिला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे. मी हळू होतो, माझी बॅटरी संपली होती, तार लावल्याशिवाय मी जागा होत नसे. तरी रोज मला खरे काम होते.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळे सांगतो आहे, त्याकडे येतो.

साल दोन हजार तेवीस. आष्टीच्या बायकांनी त्या वर्षी सोयाबीनचे घरचे बियाणे पेरायचे ठरवले होते. घरचे बी पेरण्याआधी ते किती उगवते हे पाहावे लागते. त्याची पद्धत सोपी आहे. गोणपाट ओले करायचे, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे. आठवड्याने गुंडाळी उघडायची. शंभरातले किती उगवले ते मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी लागते. कमी उगवले तर बी वाढवायचे. साठच्याही खाली गेले तर ते बी पेरायचेच नाही. अर्पिताने याचेच पान लिहिले होते. उगवलेले दाणे आणि न उगवलेले दाणे असे दोन आकडे घातले की मी किलो सांगायचो.

कडूबाईंच्या घरात दीड क्विंटल बी होते आणि जमीन चार एकर. म्हणजे बी एका पेरणीपुरतेच होते. पेर विरळ उगवली असती तर दुसऱ्यांदा पेरायला घरात दाणा नव्हता. शिवाय गोणपाटावर दाणे कसे मांडायचे हे गटातल्या बाकीच्या सतरा बायकांना कडूबाईंनीच शिकवले होते. त्यामुळे त्यांच्या चार एकरांबरोबर त्यांचा शब्दही पणाला लागलेला होता.

मृग लागून दोन दिवस झाले होते. संस्थेने परतूरच्या एका सभागृहात बायकांचा मेळावा ठेवला. अर्पिताच्या वरचे अधिकारी राधेश्याम सर होते. ते काही वाईट माणूस नव्हते. पूर्वी एकदा भर मेळाव्यात, मोठ्या पाहुण्यांसमोर त्यांचा प्रोजेक्टर बंद पडला होता आणि तो धसका त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी अर्पिताला आधीच बजावले होते की लोकांपुढे कोड चालवायचे नाही. मागच्या वर्षी चालवले होते त्याचे फोटो काढायचे, स्लाइडवर चिकटवायचे आणि नव्या लॅपटॉपवरून दाखवायचे. चालते कोड म्हणजे स्टेजवर सोडलेला मोकळा बैल, कोणाला शिंग लावेल सांगता येत नाही, असे ते म्हणायचे. अर्पिताच्या कामाचा करार त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. ती बरे म्हणाली. पण निघताना तिने मला पिशवीत घातले आणि सभागृहात आपल्या खुर्चीखाली ठेवले.

सभागृहात साठेक बायका होत्या. आष्टीच्या बायकांनी आपापल्या गुंडाळ्या बरोबर आणल्या होत्या, सगळीकडे ओल्या गोणपाटाचा वास भरला होता. भिंतीवर स्लाइड आली. सुंदर होती, मला कबूल आहे. हिरवे रोपटे, पिवळी अक्षरे आणि मधोमध: 'एकरी तीस किलो'. मी खुर्चीखाली बंद होतो, पण तो आवाज, ते माना डोलवणे माझ्या ओळखीचे होते. मला तो कारखाना आठवला.

तेवढ्यात कडूबाई उभ्या राहिल्या.

"सर, हे तीस किलो कोणाच्या बियाण्याचं?"

सरांनी सांगितले की सगळ्यांचेच समजा, साधारण एवढेच लागते.

"माझं बी तर त्यानं पाह्यलंच न्हाई. मंग न पाहता सांगून कसं राह्यलं?"

बायका हसल्या. सरही हसले आणि पुढची स्लाइड घ्या म्हणाले. कडूबाई काही खाली बसल्या नाहीत. त्यांनी अर्पिताकडे वळून सांगितले, "अर्पे, आपलं जुनं काढ. चालवून दाखव."

अर्पिताने क्षणभर सरांकडे पाहिले आणि मला पिशवीतून काढले. मला पाहिल्यावर सरांनी माइकवरूनच विचारले की मावशी, हे उठेपर्यंत दुपार होईल, याला अजून पेन्शनीत का काढले नाही? पुन्हा हशा झाला. तार लावली, प्रोजेक्टरही मला जोडला. मला जागे व्हायला चार मिनिटे लागली. लागणारच. साठ बायका बसून होत्या, वरचा पंखा फिरत होता, सर घड्याळ पाहत होते आणि मी माझ्या चालीने उठत होतो. त्या चार मिनिटांची मला लाज नाही. नवा लॅपटॉप चार सेकंदांत उठला होता आणि त्याने कोणाचेच बी पाहिले नव्हते.

अर्पिताने पान उघडले. कडूबाईंनी गुंडाळी सोडून सर्वांसमोर दाणे मोजून दाखवले. उगवलेले सहासष्ट. न उगवलेले चव्वेचाळीस. अर्पिताने दोन्ही आकडे घातले आणि 'चालव' दाबले.

मी उत्तर दिले नाही. मी थांबलो.

भिंतीवर लाल ओळ उमटली: 'दाण्यांची बेरीज शंभर येत नाही. पुन्हा मोजा.'

ती ओळ अर्पितानेच पानात घालून ठेवलेली होती. माझ्याकडे घसा नाही, हात नाही. चूक दिसली तर थांबायचे आणि लाल ओळ दाखवायची, एवढेच माझे बोलणे. सभागृहात कुजबुज सुरू झाली. सर अर्पिताजवळ आले आणि माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "ती ओळ काढून टाक. सहासष्ट टाकलंय ना, मग सहासष्टाचं उत्तर दाखव अन् मोकळी हो."

मित्रांनो, येथे मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. तिने ती ओळ काढली असती तर मी निमूटपणे एकतीस किलो आठशे ग्रॅम असे उत्तर मांडले असते. तेही सुंदर दिसले असते. मी यंत्र आहे, सांगितले ते करतो. म्हणून मला सांगणारे बोट कोणाचे आहे याला फार महत्त्व आहे. अर्पिताचे बोट त्या ओळीवर होते. तिची नोकरी त्या बोटाखाली होती. तिने बोट उचलले.

"कडूमावशी, दाणे कसे मांडले व्हते?"

कडूबाईंच्या कपाळावर आठी चढली. त्या म्हणाल्या, "चारशे मेंढरं मी वाड्यात मोजून घेत व्हते. एक कमी भरलं तर तुझा काका माघारी रानात जायचा. मला मोजणं शिकवती का तू?"

मग त्यांनी कनवटीची गाठ सोडली, मूठभर सोयाबीन टेबलावर ओतले आणि सगळ्यांना दिसेल अशी ओळ मांडायला लागल्या. पहिला दाणा ठेवला आणि म्हणाल्या, लाभ. मग एक. मग दोन. मग तीन. दहापर्यंत मोजून हात झटकले.

सरांनी वाकून बोटाने दाणे मोजले. "मावशी, हे अकरा हायेत."

"धाच हायेत. लाभ मोजीत नसतेत. लाभ धरणीचा."

खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचे, ही रीत तुमच्याही घरी असेल. पुष्कळ ठिकाणी लाभानंतर थेट दोन म्हणतात, म्हणून मोजणी बिघडत नाही. कडूबाईंच्या माहेरी मात्र लाभ वेगळा आणि एक वेगळा. प्रत्येक ओळीत अकरा दाणे, दहा ओळींत एकशे दहा. आणि त्यांनी शिकवले म्हणून आष्टीच्या अठराही जणींच्या गोणपाटात एकशे दहा दाणे होते. सत्यशीला नावाची त्यांची शेजारीण मागून म्हणाली की आम्हीही तसेच मांडले. मग आणखी एक म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या.

सर म्हणाले की म्हणजे सगळे आष्टीच चुकले, आता लाभ-बिभ सोडा आणि पुन्हा दहा-दहा दाणे मांडा. पुन्हा मांडायचे म्हणजे आणखी एक आठवडा. आठवड्यात पाऊस पडला तर वाफसा कोणासाठी थांबतो? कडूबाईंचे तोंड उतरले. साठ बायकांसमोर त्यांचे मोजणे चुकीचे ठरले होते. मला वाटले, आता त्या खाली बसतील.

त्या बसल्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"लाभ मी सोडणार न्हाई. बी जमिनीत घालायचं अन् पयला दाणा जमिनीला द्यायचा न्हाई, हे आमच्यात न्हाई. अर्पे, मी या वयात अक्षरं शिकले ना? मंग तुझ्या पानाला लाभ शिकव."

अर्पिता खुर्चीवर बसली. साठ बायका भिंतीकडे पाहत होत्या आणि त्या भिंतीवर एकेक अक्षर उमटत होते. तिने जेथे शंभर लिहिले होते ते खोडले. तेथे लिहिले की उगवलेले आणि न उगवलेले मिळून जेवढे भरतील तेवढे एकूण दाणे, आणि टक्का त्या एकूण दाण्यांवर काढायचा. मग मजकुरात एक नवे वाक्य घातले: 'लाभाचा दाणा ठेवत असाल तर तोही मोजणीत धरा, तो उगवला की नाही, तेही पाहा.' लाल ओळही तिने ठेवली, पण आता ती विचारत होती की दाणे शंभरापेक्षा कमी तर नाहीत ना. एवढे सगळे तिने सर्वांच्या देखत केले. मध्ये एकदा तिची एक खूण चुकली, मी पुन्हा थांबलो, तिने दुरुस्त केली. कोणी हसले नाही. चुकते कसे आणि दुरुस्त होते कसे, हे त्या बायकांना भिंतीवर पहिल्यांदाच दिसत होते.

'चालव'.

उगवण साठ टक्के. एकरी पस्तीस किलो.

पस्तीस! भिंतीवरच्या त्या पिवळ्या अक्षरांपेक्षा पाच किलो जास्त, प्रत्येक एकराला. कडूबाईंनी बोटांवर हिशेब केला. चार एकरांना एकशे चाळीस. घरात दीडशे होते. पुरत होते, पण जेमतेम.

मग आष्टीच्या एकेक बाई पुढे आल्या. सत्यशीलाबाईंचे दाणे त्रेसष्ट उगवले होते. त्या त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट टक्केच धरून बसल्या होत्या. मी सत्तावन्न सांगितले आणि खाली लिहिले की हे बियाणे पेरू नका. त्या मला कुलक्षणी डबा म्हणाल्या. म्हणू द्या. रागारागाने घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ज्या बाईचे बी बहात्तर टक्के निघाले होते तिच्याकडून बदलून आणले.

पाऊस पाच दिवसांनी आला. कडूबाईंनी पस्तीस किलोने पेरले. पहिला दाणा त्यांनी हाताने जमिनीत ठेवला आणि मग तिफण चालू केली, असे अर्पिताने घरी सांगितले. पीक दाट उभे राहिले. दुबार पेरायची वेळ आष्टीच्या त्या अठरा घरांत कोणावर आली नाही.

तुम्ही म्हणाल, मग अर्पिताला बक्षीस मिळाले असेल. नाही. तिचा करार नवा झाला नाही. सांगितलेले ऐकत नाही, एवढेच कारण दिले. संस्थेची गुळगुळीत कागदाची पुस्तिका पुढच्या महिन्यात निघाली आणि तिच्यात तेच हिरवे रोपटे आणि तेच तीस किलो आहेत. अर्पिताला नंतर दुसरीकडे काम मिळाले, ती आता जालन्यात खोली घेऊन राहते आणि मोठ्या कंपन्यांची यंत्रे कशी चालवायची याची पाने लिहिते. त्या पानांतले कोडही चालते असते. रीत तिने सोडलेली नाही. तिला नवा लॅपटॉप लागला. तो तिने घेतला, आणि मला आष्टीच्या गटाच्या खोलीत ठेवले.

तेथे मी आठ महिने कपाटात बंद होतो. माझ्या बटणांखाली मुंग्यांनी घर केले. एका बाजूची बिजागरी मोडली. भंगारवाला गल्लीत आला तेव्हा कडूबाईंचा मुलगा अंगद मला दारापर्यंत घेऊनही गेला होता. त्याचे म्हणणे होते की पान आता मोबाइलवर दिसते, मग हे ओझे कशाला. कडूबाई ओट्यावरून उठल्या. मोबाइलवर पान दिसते, पण चालते का, असे त्यांनी त्याला विचारले. त्याने मोबाइल काढून पाहिला. पानाचा फोटो होता. त्याने मला पुन्हा आत नेऊन ठेवले.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात कडूबाईंनी मला स्वतः बाहेर काढले. मुंग्या झटकल्या, पदराने पडदा पुसला, तार लावली. अर्पिता गावात नव्हती. त्यांनी एका बोटाने, बटण शोधत शोधत, दोन आकडे घातले. उगवलेले ब्याऐंशी. न उगवलेले अठ्ठावीस. मग 'चालव' दाबून त्या शांत बसून राहिल्या. मला आता सहा मिनिटे लागत होती. त्यांनी एकदाही घाई केली नाही. मी सांगितले: उगवण साडेचौऱ्याहत्तर टक्के, एकरी अठ्ठावीस किलो. त्यांनी ते आपल्या हाताने वहीत उतरवून घेतले. ज्या वहीत पूर्वी त्यांचा अंगठा असायचा, तीच वही.

मित्रांनो, मला कोणाची कीव नको आहे. जुन्या वस्तूंवर दया करा, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. तुमच्यापुढे कोणी सुंदर पान ठेवले, त्यावर मोठा आकडा असला, तर तो कोणाचे बी पाहून काढला ते विचारा. चालवून दाखवा म्हणा. हसतील, हसू द्या. वेळ लागेल, लागू द्या. आणि स्वतः पान लिहिलेत तर त्यात उत्तर चिकटवू नका. उत्तर निघेल अशी वाट लिहा. चूक झाली तर थांबणारी एक ओळ त्यात ठेवा आणि कोणी ती काढायला सांगितली तर काढू नका. जे यंत्र तुमचे खरे काम करते त्याला ओलीत टाकू नका, मुंग्या लागू देऊ नका, त्याची तार जपा. एवढी काळजी घेतलीत तर मी आणखी चार-पाच पेरण्या सहज काढीन. आणि नाही घेतलीत, तरी बंद पडेपर्यंत मी मोजूनच सांगेन.

या वर्षी जूनमध्ये सत्यशीलाबाईंनी मला सुरू केले. त्यांनी गोणपाटावर अकरा-अकरा दाण्यांच्या ओळी मांडल्या होत्या. मला कुलक्षणी म्हटल्याचे त्या विसरल्या असाव्यात. मी तो विषय काढला नाही. उगवण एकाहत्तर टक्के निघाली. गटातल्या सतरा जणी त्या दिवशी खोलीत होत्या.

कडूबाई नव्हत्या. रायभान यांच्या पत्नी कडूबाई सोमवार, नऊ डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी आष्टीत आपल्या घरी वारल्या. त्यांचे वय पासष्ट वर्षे होते.